खड्ड्याचा नकाशा आहे, लायनीचा नाही

नागपूर हे खाणींचं शहर आहे असं म्हटलं की लोक हसतात. संत्रा म्हणा, झिरो माइल म्हणा, सावजी म्हणा, पण खदान कुठं आहे बाप्पा इथं? तर बघा, सिव्हिल लाईन्समध्ये इंदिरा भवन आहे, तिथं इंडियन ब्युरो ऑफ माइन्स बसतं, 1948 साली सुरू झालेलं, कोळसा आणि अजून काही गोष्टी सोडल्या तर देशात कुठल्या खाणीतून किती माल निघाला त्याचा हिशेब तिथं येतो. त्याच सिव्हिल लाईन्समध्ये वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचं कोल इस्टेट, काटोल रोडवर मॅंगनीजवाल्या सरकारी कंपनीचं मॉयल भवन, सेमिनरी हिल्सला जिऑलॉजिकल सर्व्हे, खाण सुरक्षावाल्यांचं झोनल ऑफिस पण इथंच. म्हणजे कागद सगळे नागपुरात आणि खड्डे सगळे बाहेर, मनसरला, कांद्रीला, गुमगावला, पलीकडे भंडाऱ्यात चिखल्याला, डोंगरी बुजुर्गला. मला आज तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय, जी कागदात पण नाही आणि खड्ड्यात पण नाही, ती म्हणजे खड्ड्याच्या काठावरचं गाव.

मी सर्व्हेअर होतो, मॅंगनीजच्या खाणींमध्ये. खाणीतल्या सर्व्हेअरचं काम म्हणजे पोकळी मोजायची. आज किती खोल गेलो, कुठून कुठपर्यंत काढलं, किती उरलं. खाण बंद होते तेव्हा कायद्यानं मालकाला अप-टू-डेट प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे आडवे आणि उभ्या छेदाचे नकाशे, सुरक्षा खात्याकडे जमा करावे लागतात, आणि ते बरोबरच आहे, कारण पन्नास वर्षांनी कोणी शेजारी खणायला लागला आणि जुन्या पाणी भरलेल्या पोकळीत घुसला तर माणसं मरतात. सरफेस प्लॅनवर, म्हणजे जमिनीवरच्या नकाशावर, घरं पण दाखवावी लागतात, दाखवतो आम्ही, छोटे छोटे चौकोन, एकसारखे, ओळीनं. पण त्या चौकोनात कोण राहतं ते लिहायची पद्धत नाही. मी रिटायर झाल्यावर एका गावात बसून तेवढंच काम केलं, चौकोनांत नावं भरली. त्या गावाचं नाव मी इथं घेणार नाही, थोडकीच घरं आहेत, मी नाव घेतलं की कोणाची आजी, कोणाचा बाप, सगळं लगेच ओळखू येईल आणि त्यांनी मला विश्वासानं सांगितलंय. मी त्याला नुसतं टोली म्हणतो. रामटेक तालुक्यातली आहे एवढं पुरे.

थोडं जमिनीखालचं सांगतो, जास्त नाही, झोप येईल तुम्हाला. बालाघाटपासून भंडारा, नागपूर करत छिंदवाड्यापर्यंत साधारण दोनशे किलोमीटरचा एक पट्टा आहे, कमानीसारखा वाकलेला, त्यात मॅंगनीज. खडक अतिशय जुना, सौसर ग्रुप म्हणतात, त्यातल्या एका थराला तर मनसरचंच नाव आहे. फर्मोर नावाचा इंग्रज भूगर्भवाला होता, त्यानं 1909 साली भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ काढला सरकारसाठी, त्यात आपल्या जिल्ह्यातली गावं येतात, कांद्री, मनसर, सातक, बेलडोंगरी, लोहडोंगरी, काचुरवाही, गुमगाव. मी तरुणपणी तो ग्रंथ पाहिला तेव्हा चाट पडलो होतो, आपल्या भागातल्या एकेका टेकडीचं इतकं बारीक वर्णन, दगडाचा रंग, थराचा उतार, टक्केवारी. माणसांबद्दल फार कमी. पण तो दगडाचा माणूस होता, त्याला कशाला दोष द्यायचा.

आता मुख्य गोष्ट. आपल्या जिल्ह्यात मॅंगनीज काढायला सुरुवात झाली 1900च्या सुमारास. त्याच्या आधी, 1896 साली, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची कंपनी विलायतेत तयार झाली होती. आणि याच चार वर्षांत मध्य प्रांतात काय झालं? दोन दुष्काळ. 1896-97चा एक आणि 1899-1900चा दुसरा, ज्याला लोक छपन्नचा दुष्काळ म्हणतात, संवत 1956 म्हणून. छत्तीसगढात भात गेला, आदिवासी भागात तर विचारूच नका. माणसं रेल्वेलाईन धरून चालत निघाली आणि ती लाईन येत होती नागपूरला. एकीकडे दगड फोडायला हात पाहिजेत, दुसरीकडे उपाशी माणूस रस्त्यावर. मी असं म्हणत नाही की कोणी प्लॅन करून केलं, पण टोलीतल्या जुन्या घरांत आजही विचारा, तुमचे लोक कधी आले, तर सन सांगणार नाहीत, "अकाल में आए" एवढंच सांगतात. खाण कुठे निघाली ते खडकानं ठरवलं, गाव कोणाचं झालं ते दुष्काळानं.

आणि माल जायचा कुठं? सगळा बाहेर. 1900 साली भारतात मोठा पोलाद कारखानाच नव्हता, टाटांची कंपनी 1907ची. पोलादात मॅंगनीज थोडंसंच लागतं पण त्याच्याशिवाय चालत नाही, गंधक आणि ऑक्सिजन बाहेर काढायला लागतं, आणि जास्त टाकलं, बारा-तेरा टक्के, की ते पोलाद इतकं चिवट होतं की रेल्वेची क्रॉसिंगं आणि दगडफोडीचे जबडे त्याचे करतात. तर इथून बंगाल नागपूर रेल्वेच्या वॅगनमध्ये, मग मुंबई, मग जहाजात, इंग्लंड, युरोप, अमेरिका. नागपूर ते मुंबईच आठशे किलोमीटरच्या वर. भाडं इतकं पडायचं की फक्त उंची माल परवडायचा, पन्नास टक्क्यांच्या आसपास मॅंगनीज असलेला. तीस टक्क्यांचा दगड निघाला तर? फेका बाजूला. त्याचे डंप झाले, टेकड्या झाल्या, आज तुम्ही जबलपूर रोडनं जाता तेव्हा काळपट टेकड्या दिसतात त्यातल्या काही देवानं केलेल्या नाहीत, बायकांनी डोक्यावर घमेलं नेऊन केल्यात. हे डंप लक्षात ठेवा, त्यांच्याकडे मी परत येणार आहे.

इथं एक जरा बाजूचं सांगतो. मनसरला इतिहासवाले लोक जातात, हिडिंबा टेकडीवर, वाकाटकांचं आहे म्हणून, 1997-98 पासून तिथं उत्खनन झालं, विटांचं बांधकाम निघालं, छान आहे, मी पण पाहुण्यांना नेतो. बसभरून लोक येतात, पंधराशे वर्षांपूर्वीच्या विटा बघतात, फोटो काढतात, आणि जवळच शंभर वर्षं माणसं उतरतायत अशी खाण आहे तिकडं मानसुद्धा वळत नाही. कधीकधी वाटतं की आपल्याला इतिहास म्हणजे राजा लागतो, मुकादम चालत नाही.

तर मुकादम. कंपनी मजुराला ओळखतच नव्हती, कंपनी ठेकेदाराला ओळखायची, ठेकेदार मुकादमाला आणि मुकादम माणसाला. मुकादम गावी जायचा, पेशगी द्यायचा, म्हणजे ॲडव्हान्स, आणि टोळी घेऊन यायचा. टोळी म्हणजे नवरा, बायको, भाऊ, भावजय, हातभर पोरं, सगळे. मजुरी रोजावर नव्हती, मालावर होती. पुरुष सब्बल आणि घन घेऊन फोडणार, बाया हातोडीनं बारीक करणार, माल आणि दगड वेगळा करणार, डोक्यावर वाहणार, आणि ठराविक मापाचा ढीग रचणार. ढीग मोजला की पैसे. आता मोजणारा कोण, तर कंपनीचा बाबू, आणि ढीग सैल रचलाय म्हणून माप कापायचं की नाही ते त्याच्या मूडवर. म्हाताऱ्या बाया या मापाबद्दल आजपण चिडून बोलतात, मालाची टक्केवारी कागदावर पॉइंटमध्ये लिहायचे आणि आमचं माप अंदाजे, असं एक आजी म्हणाली मला. ती शाळेत गेलेली नाही.

पण या मालावरच्या मजुरीमुळेच घराचं एक वेगळं वळण पडलं. ढीग अख्ख्या कुटुंबाचा असायचा, त्यात बाईचं काम नुसतं मदत नव्हतं, निवडायला चुकली तर ढीगच नापास. बाईला माल कळायचा. हातात घेऊन वजनावरून सांगायची की हा चालेल, हा नाही. मी नवीन होतो तेव्हा लॅबचा रिपोर्ट यायच्या आधी पिकिंगवाल्या बायांना विचारायचो, आणि त्या हसायच्या, साहेबाला दगड कळत नाही म्हणून. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी चुकारा व्हायचा, तो पण बऱ्याच घरांत बाईच्या हाती, कारण पुरुषाच्या हाती दिला तर दारूच्या भट्टीवर जाईल हे तिला माहीत. शेजारच्या शेतकरी गावांत बाई दुकानदाराशी भाव करत नव्हती त्या काळात टोलीतली बाई सावकाराशी भांडत होती. याचा अर्थ सगळं गोडगोड होतं असं नाही, मारहाण होती, दारू होती, पोरी लहानपणीच घमेल्याला लागायच्या.

कायद्याचं पण जरा बघा. जमिनीखाली बायकांना काम बंद करायचे नियम 1929 साली आले, टप्प्याटप्प्यानं 1937पर्यंत पूर्ण बंदी. मग लढाई आली, कोळसा कमी पडायला लागला, आणि 1943 साली कोळसा खाणींसाठी ती बंदी उठवली, आपल्या मध्य प्रांतासकट. तेव्हा व्हाईसरॉयच्या कौन्सिलमध्ये लेबर मेंबर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 1944च्या फेब्रुवारीत असेंब्लीत त्यावर जोरदार टीका झाली आणि बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली, युद्धापुरतं आहे म्हणून, पण त्यात त्यांनी एक गोष्ट पुढे ठेवली की बाई असो पुरुष असो, सारख्या कामाला सारखी मजुरी. 1946 साली बंदी परत लागू झाली. आपल्या मॅंगनीजच्या खाणी तेव्हा बऱ्याचशा उघड्या होत्या म्हणून टोलीतल्या बायांना याचा थेट फटका कमी बसला, त्यांना फटका बसला नंतर, मशीन आली आणि पर्मनंट नोकऱ्या आल्या तेव्हा. ढीग गेला, हाजरी आली. हाजरीवर नाव एकाचंच लागणार, आणि ते पुरुषाचं लागलं. याला मी प्रगती म्हणतो, युनियननं लढून मिळवलेली, पीएफ आला, दवाखाना आला, पण त्या एका बदलात घरातला अर्धा कामगार कागदावरून गायब झाला हे पण म्हणतो. जमिनीखालचं काम बायकांना परत खुलं व्हायला लागलं ते 2019 साली, ते पण तेव्हा टेक्निकल, सुपरवायझर आणि मॅनेजरच्या कामापुरतं.

आता नकाशा. मी टोलीचा जो नकाशा काढला तो तुम्हाला तोंडी फिरवून दाखवतो.

रस्त्यावरून आत शिरलं की पहिली बाबू लाईन, पक्की घरं, पुढे छोटा व्हरांडा, त्यात टाइमकीपर, कंपाउंडर, स्टोअरवाले, मास्तर. त्याच्या मागे दोन लांब लायनी, एका छपराखाली ओळीनं खोल्या, एक खोली एक कुटुंब, मध्ये भिंत पण ती वरपर्यंत गेलेली नाही, म्हणजे एका घरात भांडण झालं की दहा घरांना स्टोरी कळते. पहिली छत्तीसगढी लाईन. त्यांच्या चौकात सतनामी पंथाचा जैतखांब, पांढरा, वर पांढरा झेंडा, 18 डिसेंबरला पंथाच्या घासीदास बाबांची जयंती, पंथी नाच, आणि त्या दिवशी अख्ख्या टोलीत चुली कमी पेटायच्या कारण सगळे तिकडेच जेवायला. दुसरी मिक्स लाईन, महार, तेली, कलार, काही तेलुगू बोलणारी घरं. नाल्यापलीकडे गोंडटोला, ती घरं लायनीत कधी आलीच नाहीत, त्यांनी आपली मातीची बांधली, अंगण मोठं, आणि मला विचाराल तर टोलीतली सगळ्यात राहण्यालायक घरं तीच, उन्हाळ्यात पत्र्याच्या लायनीत बसून बघा एकदा, मे महिन्यात नागपूरचं ऊन आणि वर पत्रा, मग कळेल.

मधली विहीर. विहिरीचे दोन काठ होते आधी, कोणाचा कुठला ते तुम्हाला सांगायची गरज नाही. खाणीत सगळे एकाच खड्ड्यात, एकाच बारुदीच्या धुरात, आणि वर आल्यावर विहिरीला दोन काठ. मग 1956 झालं. टोलीतून लोक दीक्षाभूमीला गेले, काही रामटेकच्या गाडीनं, काही पायी, आणि परत आल्यावर मिक्स लायनीच्या टोकाला बुद्धविहार उभं राहिलं, आधी नुसता चौथरा आणि वर गवताचं छप्पर. विहिरीचा दुसरा काठ कधी गेला हे कोणी नक्की सांगत नाही, एक म्हातारे म्हणाले की नळ आला तेव्हा गेला. म्हणजे माणूस बदलायच्या आधी पाइप बदलला असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

सण म्हणाल तर मजा आहे. टोलीत शेती नाही, बैल नाही, म्हणजे मोठ्या पोळ्याला सगळे शेजारच्या गावात बघे म्हणून जायचे. पण दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा टोलीत असा व्हायचा की शेजारचे बघायला यायचे, कारण वर्कशॉपमधले सुतार लाकडाचे नंदी करायचे, चाकं लावलेले, आणि बेअरिंग पण लावायचे, आता ते बेअरिंग कुठून यायचं ते विचारू नका. 17 सप्टेंबरला विश्वकर्मा, त्या दिवशी मशीनला हार आणि साहेबाला प्रसाद. दिवाळीनंतर मंडई, त्यात दंडार, खडीगंमत, रात्रभर. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेक. शाळेत मराठी, खाणीत हिंदी, घरात छत्तीसगढी किंवा गोंडी, पोट्टे तर एका वाक्यात तिन्ही घालतात आणि शिव्या चौथ्या भाषेत. लग्नं मात्र लांबूनच व्हायची, जातीत, बिलासपूर-दुर्गकडून सुना यायच्या. तिसऱ्या पिढीत लायनीतल्या लायनीत लग्नं सुरू झाली, पळून जाऊन, मग वर्षभर बोलणं बंद, मग नातू झाला की सगळं ठीक.

मरण पण होतं. छत कोसळणं, बारूद उशिरा फुटणं, ट्रॉली सुटणं. आणि धूळ. मॅंगनीजची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत गेली की माणसाच्या चालण्यात फरक पडतो, चेहरा लाकडासारखा होतो, हात थरथरतो, पार्किन्सनसारखं, हे डॉक्टरी पुस्तकांत एकोणिसाव्या शतकापासून आहे. टोलीत त्याला दारूचा परिणाम म्हणायचे. काही घरांत तो दारूचाच असेल पण ज्यानं आयुष्यात थेंब घेतला नाही त्याला पण तेच म्हणत असतील तर काय म्हणणार. टोलीच्या नकाशावर मी अशा घरांना वेगळी खूण केली नाही, घरच्यांनी नको म्हटलं.

गाव वर-खाली व्हायचं ते जगात कुठंतरी काहीतरी व्हायचं म्हणून. 1904-05ला रशिया-जपान लढाई, मग रशियात गडबड, तिकडच्या कॉकेशसमधल्या चियातुराच्या खाणींचा मॅंगनीज माल अडकला, इकडे भाव चढले, नवीन खड्डे उघडले, नवीन टोळ्या आल्या. तिशीत मंदी आली, पोलाद थंडावलं, खाणी बंद, माणसं परत गावाकडं किंवा नागपूरच्या मिलच्या गेटवर. 1949च्या आसपास सोव्हिएतनं अमेरिकेला माल देणं आटपलं, अमेरिकेनं भारताकडं पाहिलं, 1953च्या सुमारास आपलं उत्पादन शिखरावर. टोलीतले म्हातारे या काळाला "तेजीचे दिवस" म्हणतात, तेव्हा टोलीत दोन सायकली आल्या आणि एक ग्रामोफोन. मग ब्राझील आलं, गॅबन आलं, गिऱ्हाईक तिकडं वळलं आणि छोट्या छोट्या खाजगी खाणी एकामागून एक बसल्या. मोठ्या खाणींत सरकार 1962 साली उतरलं, मॅंगनीज ओर इंडिया कंपनी निघाली, 51 टक्के सरकारकडं आणि 49 जुन्या इंग्रज कंपनीकडं, 1977 साली तो उरलेला हिस्सा पण सरकारनं घेतला, तीच आजची मॉयल, आणि तिच्या मनसर, कांद्री वगैरे चालू आहेत, तिथली गावं नांदती आहेत. टोली त्या नशिबाची नव्हती. टोलीची खाण छोटी, मालक बदलत गेला, माल खोल गेला, पाणी वाढलं, आणि एक दिवस असा आला नाही की आजपासून खाण बंद. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. आधी रात्रपाळी बंद, मग लायनीची दुरुस्ती बंद, मग कंपाउंडर आठवड्यातून दोनदा, मग भोंगा वाजायचा पण कामाला माणसं थोडीच, मग भोंगा पण बंद. लोक वाट बघत राहिले की परत सुरू होईल, आधी पण बंद होऊन सुरू झालीच होती नं.

पाण्याचं सांगतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खाण चालते तेव्हा पंप रात्रंदिवस पाणी उपसतो, नाहीतर खड्डा भरेल. त्या उपशानं आजूबाजूच्या विहिरी खाली जातात, शेजारच्या गावचे शेतकरी खाणीवर चिडून असायचे आणि त्यांचं बरोबर होतं. पण तेच उपसलेलं पाणी टाकीत चढवून टोलीला नळानं मिळायचं, फुकट. खाण बंद झाली, पंप काढून नेला, नळ कोरडे. काही वर्षांनी जमिनीतलं पाणी वर आलं, शेतकऱ्यांच्या विहिरी भरल्या, खड्डा काठोकाठ भरला, निळंशार पाणी, आणि टोलीतल्या बाया डोक्यावर हंडा घेऊन लांब. इतकं पाणी समोर आणि प्यायला नाही. ग्रामपंचायत म्हणते हे कंपनीचं, कंपनी उरलीच नाही. पुढं पंचायतीनं हातपंप दिला, मग योजना आली, आता नळ आहे, एक दिवसाआड. खड्ड्यात मासे सोडतात, आणि उन्हाळ्यात बाहेरचे पोट्टे पोहायला येतात, खोलीचा अंदाज येत नाही, काठ सरळ खाली गेलेला असतो, उतार नसतो तलावासारखा, दरवर्षी कुठल्या ना कुठल्या जुन्या खड्ड्यात कोणाचं तरी पोरगं जातं. कुंपण घालायचा नियम आहे, कुंपणाची तार भंगारात जाते.

तुम्ही म्हणाल की बंद करताना काही प्लॅन नको का? आता आहे. 2003 साली नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून क्लोजर प्लॅन लागतो, पैशाची हमी ठेवावी लागते. टोलीची खाण त्याच्या किती तरी आधी गेली. आणि क्लोजर प्लॅन मी पाहिलेत, त्यात झाडं किती लावणार ते असतं, डंपचा उतार किती अंशाचा करणार ते असतं, माणसांबद्दल एखादं पान असतं, आणि ते पान बहुतेक वेळा दुसऱ्या खाणीच्या प्लॅनवरून कॉपी केलेलं वाटतं. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, चालू खाणी रॉयल्टीच्या प्रमाणात त्यात पैसे टाकतात, जिल्ह्यात खाणीनं बाधित गावांसाठी. चांगली गोष्ट आहे. पण ग्रामसभेत उभं राहून आम्ही बाधित आहोत म्हणायला टोलीच्या लोकांना आधी हे सिद्ध करावं लागतं की आम्ही इथले आहोत.

कारण घर कोणाचं? लाईन कंपनीनं बांधली. जमीन कंपनीची पण नव्हती, लीज होती. लीज संपली की जमीन महसूलकडे, काही तुकडा वन खात्याकडे. लोक तिथंच राहिले, पत्रे बदलले, मागे खोली काढली, संडास बांधला, पंचायतीनं नमुना आठवर घरं चढवली, टॅक्स घेते, पावती देते. पण सातबारा यांच्या नावावर नाही. तिसरी-चौथी पिढी आहे आणि कागदावर अतिक्रमण. घरकुलाचा फॉर्म भरायला गेलं की जागेचा पुरावा मागतात. एका आजीनं मला पत्र्याच्या डब्यातून तिच्या सासऱ्याचा पितळी बिल्ला काढून दाखवला, हाजरीचा नंबर असलेला, आणि विचारलं हे चालेल का. ऑफिसमध्ये नाही चालत. माझ्या नकाशात चालतं, मी तो नंबर त्या घराच्या चौकोनात लिहिला.

बरं, प्रश्न घेऊ. हे भाऊ विचारतायत की टुरिझम का नाही करत. आहे नं, 2016 साली वेकोलि आणि एमटीडीसीनं सावनेरकडं कोळशाच्या खाणीत पर्यटन सुरू केलं, हेल्मेट घालून खाली नेतात, पोरांना दाखवा, मी विरोधात नाही. फक्त त्यात मशीन दिसते. लायनीत राहणाऱ्या बाईला तिकिटामागे काही मिळणार असेल तर टोलीत पण करा, नाहीतर नुसते सेल्फी काढणारे येतील आणि खड्ड्यात पडतील.

आणि तुम्ही ताई विचारताय की खदान परत सुरू होईल का. होऊ शकते, आणि खरं सांगायचं तर मला त्याचीच काळजी आहे. 2015 नंतर ब्लॉकचे, म्हणजे खाणीसाठी आखलेल्या तुकड्यांचे, लिलाव होतात, कोणीही घेऊ शकतं. मी मघाशी डंप लक्षात ठेवा म्हटलं होतं. शंभर वर्षांपूर्वी भाड्यापायी फेकलेला तीस टक्क्यांचा माल आज टाकाऊ नाही, आज इथंच फेरो-ॲलॉयचे, म्हणजे लोखंड-मॅंगनीजच्या मिश्रधातूचे कारखाने आहेत, बेनिफिसिएशन आहे, म्हणजे हलका माल निवडून-धुऊन उंची करायची सोय, भाव चढला की जुने डंप परत चाळतात, विकतात. आणि टोलीची छत्तीसगढी लाईन उभी कशावर आहे? जुन्या डंपावर. सपाट जागा मिळाली म्हणून कंपनीनं तेव्हा तिथं बांधली. संडासाचा खड्डा खणताना लोकांना काळा जड दगड लागतो, पोरांना पण माहितीये काय आहे ते. उद्या कोणी ब्लॉक घेतला तर दोन पोकलेन आणि दहा टिप्पर येतील, ड्रायव्हर बाहेरचे असतील, आणि सगळ्यात आधी हलवायची म्हणतील ती लाईनच. म्हणून मी तिथल्या पोरांना सांगतो, नोकरीचा अर्ज मग करा, आधी ग्रामसभेचा ठराव घ्या आणि भूमी अभिलेखमध्ये मोजणीचे पैसे भरा, घर नियमित करायचा अर्ज एसडीओकडं टाका, पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्या. नकाशा माझ्याकडं तयार आहे, स्केलवर काढलेला, ज्याला पाहिजे त्यानं झेरॉक्स घेऊन जा.